चांदीचं औषध आणि आमची मेंढरं

"धनगराच्या हातून दूधच निघणार. चांदी कशाला निघेल?"

सर हे बोलले तेव्हा प्रयोगशाळेत बाहेरगावचे पाहुणे उभे होते. माझ्या हातात काचेचा चंबू होता आणि चंबूत खरोखरच पातळ दुधासारखं पांढरं काहीतरी झालं होतं. पाहुणे हसले. मीही हसले. त्यांच्या हसण्यापेक्षा माझ्या हसण्याचा मला आजही जास्त राग येतो.

व्हायला हवं होतं ते वेगळंच. चांदीच्या क्षाराच्या पाण्यात तरवडाच्या पाल्याचा काढा थेंबथेंब सोडला की पाणी हळूहळू पिवळं होतं, मग तपकिरी. म्हणजे चांदीचे नॅनो कण तयार झाले. केस उभा हजारो वेळा चिरावा, इतके बारीक. चूक माझीच होती. चंबू शुद्ध पाण्यानं धुऊन ठेवलेला होता. पण शेळीची धार काढायच्या आधी भांडं ताज्या पाण्यानं एकदा विसळून घ्यायचं, ही आमच्या घरची रीत. आईनं लहानपणी हातात बसवलेली. पाहुण्यांना बघून मी घाबरले आणि हात आपोआप नळाखाली गेला. बोअरचं पाणी खारट. खाऱ्या पाण्याशी गाठ पडली की चांदीचा क्षार पांढरा होऊन बसतो. हीच चूक दुसऱ्या कुणाकडून झाली असती तर ती चूक राहिली असती. माझ्याकडून झाली, म्हणून ती जात झाली. सरांनी पाहुण्यांना चहाला नेलं आणि मी चंबू घासत बसले.

आमचं गाव परभणीजवळच्या झरीच्या पलीकडे. घरी मेंढरं, थोड्या शेळ्या. सुगी झाली की आबा कळप घेऊन निघायचे. मालकाच्या रानात मेंढरं बसवायची, रानाला खत मिळतं, आपल्याला धान्य. मी भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं आणि परभणीच्या एका कॉलेजात या सरांना गाइड घेऊन पीएचडीला लागले. नॅनो विषय मी कुणाच्या सांगण्यावरून घेतला नाही. मला तो आवडला. चांदी बारीक होत गेली की पिवळी दिसते, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी आईला फोन केला होता.

"चांदी पिवळी? मग सोनं गं?"

"सोनं तांबडं दिसतंय."

"मग सोनार काय खातील बाई?"

आम्ही दोघी लय हसलो. वस्तू तीच, फक्त बारीक झाली की तिचा रंगही बदलतो, वागणंही. मला वाटायचं, माणसाचंही असं कुठेतरी होत असेल. पुढे कळलं की माणसाचं तसं काही होत नाही. मी एमएस्सी झाले, नेट पास झाले, तरी सरांच्या लेखी मी मेंढवाड्यातूनच आलेली होते आणि तिथेच होते.

मग मलम आलं. चांदीचे कण जंतू मारतात, ही काही आमची बढाई नाही. जगभर त्यावर काम चालू आहे, भाजलेल्या जखमांच्या पट्ट्यांत चांदी वापरतात. सर म्हणाले, आपण मेंढ्यांच्या खुरांसाठी मलम करू. काळ्या रानात चिखल खुरांच्या बेचक्यात बसतो, तिथली कातडी कुजते, मेंढरू लंगडायला लागतं आणि कळपाच्या मागं राहतं. "तुमच्या घरचीच जनावरं आहेत, परवानगी कुणाची घ्यायची?" असं सर म्हणाले. जनावरांवर प्रयोग करायचा तर समितीची परवानगी घ्यावी लागते, हे मला ठाऊक होतं. मी बोलले नाही. सरांपुढं न बोलणं मला एव्हाना चांगलं जमायला लागलं होतं.

लंगडणारी मेंढरं मी वेगळी काढली. निम्म्यांना चांदीचं मलम, निम्म्यांना तसलंच पण चांदी नसलेलं. चांदीवाल्यांच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढला. सगळी एकाच कोरड्या मुरमाड टेकाडावर बसवली. मी रोज खुरं उचलून बघायची. काही दिवसांत सगळी नीट चालायला लागली. गेरूची आणि बिनगेरूचीही. चिखलातून उठवून कोरड्यात बसवलं, त्यानं काम केलं होतं. आमच्या चांदीनं त्यात काही भर घातलेली दिसली नाही. मला वाईट वाटलं, पण हाही निकालच होता.

सरांनी तो वाचला आणि मला समोर उभं केलं.

"गेरूवाल्या सगळ्या बऱ्या झाल्या ना?"

"हो सर."

"मग तेवढंच लिही. खोटं आहे का?"

"पण बाकीच्या पण झाल्या सर."

"त्यांचं कोण विचारतंय? तुझ्या बापाच्या मेंढ्या साक्षीला येणार आहेत का?"

मग त्यांचं त्यांनाच काहीतरी सुचलं. म्हणाले, "मेंढ्या कशाला, बापालाच बोलव. आपल्या कॉलेजातल्या परिषदेत दोन शब्द सांगू दे. आणि घोंगडी, काठी घेऊन यायला सांग. फोटोत बरं दिसतं."

सुटायचं कसं? गाइड बदलायचा तर गाइडचीच संमती लागते. प्रबंधावर सही त्यांची, यंत्रावरची वेळ त्यांच्या हातात. एकदा दुसऱ्या मॅडमकडे गेले तर त्या म्हणाल्या, "त्यांच्याशी वाकडं नको गं, थोडं सोस." सगळीकडची दारं बंद आणि चावी एकाच खिशात.

परिषदेच्या सकाळी मी गावी जाऊन आबांना घेऊन आले. एसटीत ते खिडकीकडं तोंड करून पुटपुटत होते. सरांनी फोनवर सांगितलेलं वाक्य पाठ करायलेत, हे मला कळलं. "साहेबाच्या औषधानं माझी सगळी मेंढरं बरी झाली."

"आबा, हे खरं न्हाई."

"कसं न्हाई? झाली न्हवं बरी?"

"बिनऔषधाचीबी झाली की."

"मग कुणी इचारलं तर सांगीन. तुझी सही त्याच्या हातात हाय, बाई. म्या म्हणतो की. माझं काय जातंय? मालक लोकाम्होरं लय येळा बोललोय म्या आसं."

मला भरून आलं आणि रागही आला. लहानपणी मी ते ऐकलेलं होतं. शेळ्यांनी पीक खाल्लं नसतानाही 'खाल्लं आसंल मालक', धान्य कमी भरलं तरी 'बरोबर हाय मालक'. मला वाटायचं, आबा साधे आहेत. ते साधे नव्हते. त्यांना सगळं समजायचं आणि पुढच्या वर्षी त्याच रानात मेंढरं बसवायची असायची. आता ते तेच माझ्यासाठी करणार होते. मी शिकले ती त्यांना आणखी एक मालक आणून द्यायला का?

हॉलमध्ये मोठी मोठी माणसं बोलली. एका अणूच्या जाडीचा कार्बनचा पापुद्रा पोलादाला कसा भारी पडतो, औषध बारीक कुपीत भरून थेट कर्करोगाच्या गाठीपर्यंत कसं न्यायचं. मी लॅपटॉपवर चित्रं सरकवत होते आणि मला ते ऐकताना आनंद होत होता, एवढ्या घुसमटीतही. मागच्या रांगांत गर्दी दिसावी म्हणून आसपासचे मेंढपाळ आणून बसवले होते. त्यांतले बरेच आबांना ओळखत होते. आबा म्हणतील तेच ते करणार. मलम लावतील आणि मेंढरं चिखलातच ठेवतील.

सरांनी आबांना वर बोलावलं. व्यासपीठावर खुर्च्या पाहुण्यांच्या. आबा उभे, उकाड्यात अंगावर घोंगडी, कपाळावर घाम. सर म्हणाले, "बोला, घाबरू नका." माइक हातात दिला तर आबांनी माइकसकट हात जोडले. दोन तळव्यांच्या मध्ये तो माइक.

मी उठले. कधी उठले ते आठवत नाही. वर गेले आणि त्यांच्या जोडलेल्या हातांतून माइक काढून घेतला. कॉलेजात आल्यापासून घोटून घोटून बसवलेली भाषा तोंडात आलीच नाही.

"ही मेंढरं आमची हायत. औषध लावलेली बरी झाली. न लावलेलीबी तेवढीच बरी झाली. कोरड्यात बसवली म्हणून झाली. म्या रोज खुरं उचलून बघितलीत. ह्या मलमाच्या भरवशावर कुणी मेंढरं चिखलात ठेवू नका."

सर हसून म्हणाले, "पोरगी जरा भावनिक झाली." बाहेर व्हरांड्यात मात्र हसले नाहीत. "माफी लिहून दे, नाहीतर नाव काढून घे. माझ्या हाताखाली तुझी पीएचडी होणार नाही."

परतीच्या एसटीत आबांनी घोंगडीची घडी करून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "चार लोकांम्होरं माझ्या हातातलं काढून घेतलंस." मी म्हटलं, घेतलं. ते म्हणाले, "म्या म्हणलो आसतो. एवढं काय होतं त्यात?" अजूनही ते माझ्याशी मोजकंच बोलतात.

मी रोज प्रयोगशाळेत जाते. माझी यंत्रावरची वेळ रद्द होते, कपाटाला नवं कुलूप लागलंय, सोबतची मुलं माझ्याशी बोलताना आधी दाराकडं बघतात. मी कंटाळून निघून जावं, याचीच सगळे वाट बघतायत. मी माफी लिहून देणार नाही. नावही काढणार नाही. विद्यापीठात तक्रार दिली आहे, तिथं दाबली गेली तर आणखी वर देईन. चांदीनं फरक पडला नाही, हा माझा निकाल आहे आणि प्रबंधात तो तसाच जाईल, दोन्ही कळपांसकट. सही करायची नसेल तर सरांनी करू नये. पण त्यांना सोयीचं अर्धं खरं मी लिहिणार नाही, आणि ते बोलायला माझ्या घरातलं कुणी परत उभं राहणार नाही.