वाऱ्याची वीस मिनिटं

दोरेकाकांचं खरं आडनाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवणाऱ्याला ते हसायचे. म्हणायचे, पट्टी डोंगरातून जाते, विमान खिंडीतून. मग स्वतः टाचण्या टोचून खिंडीखिंडीतून दोरा ताणायचे, तो मोजायचे आणि विमान किती वेळात पोचेल ते सांगायचे.

हमाल म्हणून लागलेला हा माणूस रेडिओच्या खुर्चीपर्यंत पोचला होता. मी साहित्याची पदवी घेऊन त्याच खोलीत प्रवाशांचं सामान तोलायचो. कवितेचं वजन किती भरतं रे, असं ते मला रोज विचारायचे.

आमच्या विमानतळावरून विमान एकाच ठिकाणी जायचं. डोंगरापलीकडच्या, आमच्याइतक्याच आडबाजूच्या विमानतळावर. तिथे रेडिओवर त्यांची ताई होती. रक्ताची नव्हे, मानलेली. विमान निघालं की काका तिला कळवायचे, उतरलं की ती यांना. अकरा वर्षं रोज बोलणं, पण एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. एकदा तिनं अंदाजानं स्वेटर विणून पाठवला. बाह्या कोपराखाली जेमतेम आल्या. तुमच्या ताईला तुम्ही बुटके वाटता, असं काकू म्हणाल्या. काका रोज तोच घालायचे.

गेल्या वर्षी मुख्य कार्यालयानं दोघांना उड्डाणाला किती वेळ लागतो ते वेगवेगळं विचारलं. तो तासाच्या आत असेल, तर एकच रेडिओ-खोली दोन्हीकडचं बघणार होती. दुसरी बंद. तिथल्या माणसाची नोकरी जाणार, धावपट्टीमागचं घरही जाणार. काकूंचा सगळा संसार त्या घरात झाला होता.

काकांनी पुन्हापुन्हा दोरा ताणला. पन्नास मिनिटंच येत होती.

संध्याकाळी ताईच बोलली. "भाऊ, समोरच्या वाऱ्याची म्हणून वीस मिनिटं जास्त धर. मीही तेवढीच धरते. दोघांच्या चुली पेटत्या राहतील."

खोटा आकडा काकांनी कधी दिला नव्हता.

"तू म्हणतेस तर धरतो, ताई."

महिन्याभरानं मुख्य कार्यालयातले साहेब आले. रागावले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, पलीकडच्या बाईंनी पन्नास मिनिटं सांगितली. तुम्ही वाढवून सांगाल, हेही त्यांनी आधीच सांगितलं होतं. आता तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

काका स्वेटरची बाही खाली ओढत राहिले. ती कधीच पुरली नव्हती.

केसानं गळा कापला तुमच्या ताईनं, काकू एवढंच बोलल्या. काकांनी रेडिओवर ताईला एकदाच विचारलं, का?

"भाऊ, मी खोटं थोडंच सांगितलं?"

इतकी वर्षं भाषा शिकलो. त्या वाक्यात मला एकही शब्द चुकीचा सापडला नाही.

शेवटच्या दिवशी त्यांच्या ट्रंका मीच तोलल्या. काकू विमानात जाऊन बसल्या होत्या. काका नेहमीसारखे खुर्चीत बसले आणि त्यांनी विमान निघत असल्याचं कळवलं.

"पन्नास मिनिटं. वारा धरलेला नाही."

पलीकडून नेहमीचा प्रश्न आला. प्रवासी किती?

"दोन," काका म्हणाले. "मी आणि तुझी वहिनी."

पलीकडून नुसती खरखर येत राहिली. काका बटण बंद करून उठले.