मनोरंजन, पाच ते सहा
कॅरमवर टाकलेल्या बोरिक पावडरचा वास आला की माझी मान आपोआप खाली जाते. भिलाईत कारखाना उभा राहत होता तेव्हा आम्ही एका खोलीच्या क्वार्टरमध्ये राहायचो आणि मी सायकलनं दुर्गच्या कॉलेजात जायचो. पहिल्या चाचणीत नापास झाल्यावर मी वेळापत्रक करून भिंतीवर चिकटवलं. अभ्यासासोबत खेळही हवा, म्हणून त्यात ‘मनोरंजन, पाच ते सहा’ असं ऐटीत लिहिलं. एका संध्याकाळी बाबा ड्यूटीवरून आले आणि अंगावरची लाल धूळही न धुता पोस्टकार्ड पुढे धरून म्हणाले, “तुया आजीले दोन ओळी लिहून दे ना, बाबू.” त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मी भिंतीकडे बोट दाखवलं. “आता नाही जमत बाबा, टाइमटेबल हाय,” म्हणालो आणि शेजारी मित्राकडे कॅरम खेळायला गेलो. थोड्या वेळानं तेच पोस्टकार्ड घेऊन बाबा तिथं आले. मला पाहून क्षणभर थांबले, मग मित्राच्या बहिणीला सांगू लागले, “लिही पोरी, पोरगा अभ्यास करून राहिला, म्हणून दुसऱ्याच्या हातानं लिवतो.” स्ट्रायकर माझ्या बोटाखालीच राहिला. पंधरा दिवसांनी गावाहून आजीचं उत्तर आलं, आणि ते वाचून दाखवायला बाबांनी मलाच बसवलं. त्यात होतं, “लेकराले म्हना, लय वाचू नको, डोये जप.” आता माझा चष्मा जाड झालाय, खूप वाचलंय तुम्ही, असं कुणी कौतुकानं म्हटलं की मी तो काढून उगाच पुसत बसतो.