हॅगर्टी भावांची जागा

टास्मानियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या लहानशा बंदरात आयव्हर पास्कोने पोस्टात बत्तीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर रेडिओवरची बोलणी पकडणारा, हातात मावेल एवढा स्कॅनर घेतला आणि गडी रमला. दुपारचं जेवण झालं की ओसरीवर बसायचं, कुठून कुठपर्यंत शोधायचं ते आकडे भरायचे आणि यंत्राला पायरीपायरीने चढू द्यायचं. आवाज सापडला की यंत्र थांबे. मग तो आकडा वहीत आणि यंत्राच्या स्मरणात, दोन्हीकडे.

"लोकांच्या भिंतीला कान लावायची हौस भारी!" त्याची बायको मर्ल म्हणायची.

"हवेला भिंत नसते गं."

मार्चमध्ये यंत्र सत्तावीस दशांश एक पाच पाचवर थांबलं. रेडिओच्या या जुन्या पट्ट्याकडे आता कुणी फिरकत नसे. आवाज मात्र ओळखीचे होते. लिंडन आणि रॉस हॅगर्टी, दोन बोटींवरचे दोन भाऊ, शेवंड, म्हणजे लॉबस्टर, कुठे लागते ते एकमेकांना सांगत होते. बंदरातली निम्मी माणसं ती जागा शोधत होती. आयव्हरने आकडा साठवला आणि तोंडाला कुलूप घातलं. मर्ललासुद्धा सांगितलं नाही.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी, अडीचच्या सुमारास, लिंडनचा आवाज आला.

"रॉस, इंजिन गेलं. चॅपल खडकाच्या आत, किनाऱ्याच्या बाजूला आहे. नांगर सरकतोय. रॉस, ऐकतोयस ना?"

उत्तर नाही. पुन्हा तीच हाक, त्याच आकड्यावर. सगळ्यांच्या चॅनेलवर ओरडला असता तर चार बोटी धावल्या असत्या, पण चारही बोटींना त्याचे शेवंडीचे पिंजरे दिसले असते. हॅगर्टी बुडेल, पण जागा दाखवणार नाही!

आयव्हर उठला. किनाऱ्यावरच्या बचाव केंद्राला कळवावं तर सगळ्या बंदराला जागा कळणार. रॉसला सांगावं, तर महिनाभर चोरून ऐकल्याची कबुली द्यावी लागणार. रॉसची बोट मात्र धक्क्याला लागलेली ओसरीवरून दिसत होती.

"मर्ल, गाडी काढ! लवकर!"

रॉस डेक धूत होता.

"लिंडनचं इंजिन बंद पडलंय. चॅपल खडकाच्या आत. नांगर धरत नाहीये."

रॉसच्या हातातली नळी तशीच वाहत राहिली. "तुम्हाला कसं कळलं?"

"ऐकलं. मार्चपासून ऐकतोय. आधी जा, शिव्या नंतर दे. अर्ध्या तासात दोर लागला नाही, तर मी केंद्राला सांगणार. मग जागेचं काय व्हायचं ते होवो."

रॉस निघाला. आयव्हर गाडीतच स्कॅनर कानाशी धरून बसला. मर्ल प्रथमच शेजारी बसून ऐकत होती. बाविसाव्या मिनिटाला लिंडन म्हणाला, "दोर पकडला."

"हुश्श!" मर्ल म्हणाली. "आणि मला मार्चपासून एक अक्षर नाही?"

संध्याकाळी दोघे भाऊ दारात हजर. लिंडनचे तळहात दोराने सोलवटलेले.

"कुणाकुणाला सांगितलंत?" त्याने विचारलं.

"कुणालाच नाही."

"खरंय," मर्ल आतून म्हणाली. "मला विचारा!"

"उद्या आम्ही आकडा बदलणार," रॉस म्हणाला.

"बदला. दोन दिवसांत सापडेल."

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. लिंडनने खिशातून पेन्सिल काढली, नवा आकडा कागदावर लिहिला आणि आयव्हरच्या पुढ्यात सरकवला.

"दोन दिवस कशाला वाया घालवता? रॉस घरी असला तरी कुणीतरी ऐकत असावं."

आयव्हरने चष्मा लावला आणि आकडा एकेक करून भरायला घेतला.