दादांचा दाब

आमच्या घरी वडिलांना दादा म्हणतात, आणि दादांचा घरात दाब आहे असं सगळ्या निलंगा तालुक्यात बोललं जातं. बोलणारे बहुतेक दादाच. त्यांची चप्पल दारात वाजली की टीव्हीचा आवाज आपोआप कमी होतो, एवढं मात्र खरं आहे.

मागच्या उन्हाळ्यात मोतीबिंदू काढायला ते आईला घेऊन माझ्याकडे नांदेडला आले. डाव्या डोळ्यात लहानपणी तुरीचा खुंट लागला, तेव्हापासून त्यानं दिसत नाही. उजव्यावरच काय ती मदार, आणि त्यातला मोतीबिंदू आता पिकला होता. डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, पुन्हा फुगवला आणि म्हणाले, "काका, दाब फार वाढलाय. तो कमी झाल्याशिवाय मी डोळ्याला हात लावणार नाही."

दादांनी खुर्चीतल्या खुर्चीत छाती काढली. "दाब हाय आपला," ते म्हणाले. "पहिल्यापासून."

मला वाटलं, गंमत करताहेत. ऑटोत बसल्यावर कळलं, की नाही.

"दाब कमी करायची गोळी म्हनं," ते बाहेर बघत म्हणाले. "उद्या सालगडी मला अरे-तुरे करंल."

मग रोज सकाळी मी गोळी पुढं ठेवायची आणि दादांनी ती सदऱ्याच्या खिशात घालायची, असा आमचा परिपाठ सुरू झाला. सदरा धुताना आईला खिशात पांढरा चुना सापडायचा.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. समोर माणूस बसलेला दिसला की मला शिकवायची खाज सुटते, मग तो माझा बाप का असेना. एका संध्याकाळी मी सुरू केलं, "दादा, नसेला आतून पातळ अस्तर असतं. रक्त त्याला घासत जातं. घासणं वाढलं की अस्तराला ते कळतं आणि ते एक रस सोडतं. त्यानं नस सैल पडते, रक्ताची वाट मोठी होते, दाब उतरतो. त्या रसाचं नाव ॲड्रेनोमेड्युलिन."

"येवढं नाव घेऊस्तोर दाब चढंल की."

त्यातून पुढं नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो, हे मी गाळलं. दादांना पोटातले वायू पुरेसे होते.

पण त्यांना गोडी लागली होती. "म्हंजी नस आपल्या मनानं ढिली पडती? कुनी सांगावं लागत न्हाई?"

"नाही. तिचं तिला कळतं."

"मंग माझी का पडंना?"

"वय झालं की नसा ताठ होतात. अस्तराचं तेवढं चालत नाही. म्हणून गोळी."

"ताठ," आई शेंगा फोडता फोडता म्हणाली. तेवढंच म्हणाली. दादांनी तिच्याकडं बघितलं आणि विषय पावसावर नेला.

पुढच्या तपासणीत आकडा जसाच्या तसा. डॉक्टरांनी पुन्हा परत पाठवलं, आणि या वेळी जरा कडकच बोलले. त्या दुपारी जेवताना दादांनी भाकरीचा तुकडा वरणाची वाटी समजून पाण्याच्या तांब्यात बुडवला आणि तोंडात घातला. चावता चावता थांबले, पण कबूल काही केलं नाही. पुढचा तुकडाही तांब्यातच बुडवला. मला आधी हसू आलं आणि लगेच रडू. रागही आला. या माणसाला आंधळेपण चालेल, पण दाब उतरलेला चालणार नाही.

मी तोंड उघडणार तेवढ्यात दादाच बोलले. माझ्याशी नाही, आईशी. आवाज नेहमीचा नव्हता.

"गोळी खाल्ली तर तू ऐकशील का माझं?"

आईचा हात थांबला. "आजवर तुमचं ऐकलं ते काय दाबानं ऐकलं व्हय?"

"मंग कशानं?"

आईनं त्यांच्या हातातली ओली भाकरी काढून घेतली, वाटी बोटांना लावून दिली आणि दुसऱ्या तळहातावर गोळी ठेवली. दादांनी ती निमूट गिळली.