मालक कोण?

वडगावात घरोघरी यंत्रमाग आहेत. त्यांच्या आवाजाने विणणाऱ्यांच्या कानांवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास चालला होता आणि त्यात भाग घ्यायला तयार होतील अशी घरं शोधायचं काम माझ्याकडे होतं. आधी मालकाची परवानगी घ्यायची, मग मालक समोर नसताना कामगाराची संमती.

तीन दारांतून मला परत पाठवलं. चौथ्या घरात दोन माग धडधडत होते. एकावर नवरा, एकावर बायको. मी ओरडून विचारलं, "मालक कोण?"

नवऱ्याने बायकोकडे बोट दाखवलं. "लायसन हिच्या नावावर हाय."

"मी कसली मालक?" ती म्हणाली. "सूत आणणार हे, साड्या पोचवणार हे."

मालकाला नोटीस येणार, अशी दोघांनाही भीती असावी. मी ऑफिसातल्या मॅडमना फोन लावला. काही ऐकू येईना, म्हणून नवरा-बायकोने माग बंद केले. "एकाला मालक धरा," मॅडम म्हणाल्या. कुणाला, ते सांगितलंच नाही.

मी साध्या आवाजात विचारलं, "आक्का, नीट ऐकू येतं का?"

"व्हय, ठेवते की चहा," म्हणत ती आत गेली.

नवरा हसला नाही. "लई दिवस असंच चाललंय. मलाच मालक लिवा. तिचे कान तपासा."

त्याने सही केली आणि तो बोळात जाऊन उभा राहिला. आता मला आक्कांशी एकांतात बोलायचं होतं. पण हळू बोललो तर त्यांना ऐकू येईना, म्हणून मी तो सगळा एकांत ओरडून पार पाडला. शेजारच्या बायका दारात आल्या.

"कान खराब निघालं तर माग बंद करशील?"

"न्हाय, आक्का."

"मग काय करशील?"

"लिहून घेणार."

त्यांनी सही केली. 'मालकाचा दबाव नव्हता' या रकान्यापाशी माझं पेन अडलं. नवऱ्याची काळजी हा दबाव धरायचा का? शेवटी खूण केली.

तपासणीला आक्का शेजारच्या तिघींना घेऊन आल्या. त्या तिघींनीच मला दारातून परत पाठवलं होतं. आक्कांचे दोन्ही कान अधू निघाले. डॉक्टरांची चिठ्ठी पिशवीत ठेवत त्यांनी विचारलं, "ह्या तिघींचं काय निघालं?"

एकीचं दुसरीला सांगायची परवानगी नव्हती. पण त्या तिघींना घेऊन आल्या होत्या आक्काच. हा नियम आक्कांना कसा समजवायचा, मला कळेना.