शनिवारची माती

शनिवारी शाळेतून घरी आलो की मी हात धुतो, पण नखांतली माती सगळी निघत नाही. तिथल्या गोष्टींचंही तसंच आहे. मी मुळात कमी बोलणारा माणूस. पण संध्याकाळी ओट्यावर दोन माणसं येऊन बसली, चहा आला, की एखादी गोष्ट निघते. तिच्यामागून दुसरी निघते आणि चहा गार होतो. माझी बायको म्हणते, "जन्मभर तोंडात गुळणी धरून बसलात, आणि आता म्हातारपणी थांबायचं नाव नाही."

आता तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

*

मी मडकी घडवणारा. शिक्षण चौथीपर्यंत, तेही अमळनेरजवळच्या आमच्या गावच्याच शाळेत. एकदा गणिताच्या तासाला मी दप्तराआड मातीचा घोडा करत बसलो होतो. मास्तरांनी पाहिला. घोडा खिडकीतून बाहेर गेला आणि मी दारातून.

त्याच शाळेचे आताचे मुख्याध्यापक पाटील सर एक दिवस घरी आले. म्हणाले, "आबा, दर शनिवारी शाळेत या. पोरांना मातीचे घोडे करायला शिकवा."

मी विचारलं, "वर्गात?"

"वर्गातच."

"सर, एकदा नीट विचार करा. याच कामासाठी मला याच वर्गातून बाहेर काढलं होतं."

सर म्हणाले, "मग इतकी वर्षं बाहेर उभे राहिलात, तेवढं पुरे. आता आत या."

*

हा सगळा खटाटोप रूपाली मॅडमचा. त्या चित्रकलेच्या शिक्षिका. जळगावहून गाडीने अमळनेरला उतरायचं, तिथून रिक्षाने गावात यायचं, हे त्यांचं रोजचं. शनिवारी गाणी, चित्रं आणि माती, अशी त्यांनी आखणी केली होती. त्यांचं म्हणणं एकच, "प्रत्येक मुलाला ही शाळा आपली वाटली पाहिजे."

त्याला कारण होतं. आमच्याकडे दिवाळीनंतर रस्त्याकडेच्या कापसाच्या जिनिंगवर कामाला सातपुड्यातली माणसं येतात. त्यांची मुलं काही महिने शाळेत बसतात आणि होळीला निघून जातात. नाव हजेरीत असतं, मूल वर्गात असतं, पण मन कुठं टेकलेलं नसतं.

तशीच एक सुमली. पावरा आदिवासींची मुलगी, तिसरीत. ती दाराशी बसायची आणि पाठीवरचं दप्तर कधीच काढायची नाही. लिहिताना पाठीवर, खिचडी खाताना पाठीवर. मॅडम म्हणायच्या, "सुमली, ठेव ना बाळा दप्तर खाली." ती नुसती मान हलवायची.

शाळेत खिचडी रांधणाऱ्या सिंधूअक्का एकदा म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या मॅडम. पोर एसटीनी वाट देखी राहिनी."

मॅडम हसल्या नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी सुमलीला दप्तर काढायला सांगणं बंद केलं. पण त्यांचं लक्ष सारखं त्या दप्तराकडे असायचं. माझंही.

*

मॅडमनी पहिल्यांदा काय केलं, तर बाक भिंतीला लावले आणि मुलांना गोल बसवलं. गोलात पहिला नाही, शेवटचा नाही, सगळे सारखे. मला ते फार आवडलं.

आठवडाभरात हुशार मुलांनी मॅडमच्या उजव्या-डाव्या हाताच्या जागा धरल्या. मॅडम समोरच्या बाजूला जाऊन बसल्या, तर तो घोळका सरकत सरकत तिकडे. मॅडम परत फिरल्या, घोळका परत.

दारातून पाटील सर बघत होते. म्हणाले, "मॅडम, तुम्ही गोल केला, आणि पोरांनी त्यातही पहिला बाक शोधला."

*

एकदा मॅडम म्हणाल्या, "आपलं घर काढा."

सगळ्यांनी तेच काढलं. दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी, काठावर नारळाचं झाड आणि त्याखाली घर. मॅडमनी गण्याला विचारलं, "आपल्या गावात डोंगर आहे का रे?"

"नाही."

"नारळ?"

"नाही."

"मग कशाला काढलास?"

गण्या म्हणाला, "चित्रात असतो मॅडम."

सुमलीचा कागद कोरा होता. तिनं हळूच विचारलं, "कोणतं घर काढू?"

मॅडम म्हणाल्या, "तुला वाटेल ते."

तिनं जिनिंगवरची पत्र्याची खोली काढली. शेजारी कापसाचा ढीग आणि त्यावर झोपलेलं कुत्रं. खऱ्या डोंगरातून आलेली वर्गात ती एकटीच, आणि तिच्याच कागदावर डोंगर नाही. मॅडमनी विचारलं, "तुमच्याकडे तर डोंगर आहे ना?"

ती म्हणाली, "आहे. पण तो कागदात मावत नाही."

*

तालुक्याहून एक साहेब मॅडमचा तास बघायला आले. खुर्चीवर बसून गोड आवाजात म्हणाले, "बालमित्रांनो, या उपक्रमातील कोणती गोष्ट तुम्हाला सर्वाधिक भावते?"

वर्गात चिडीचूप. साहेबांनी पुन्हा विचारलं, आणखी गोड आवाजात. पोरं खाली बघू लागली.

खिचडीच्या खोलीतून सिंधूअक्का ओरडल्या, "मुका व्हई गयात का रे बठ्ठा? काय आवडस तुमले, सांगा ना!"

मग जो काही गलका झाला! कोणी गाणं म्हणू लागलं, कोणी मातीचा बैल साहेबांच्या मांडीवर ठेवला. साहेबांची पँट मातीनं भरली. मॅडम फडकं घेऊन धावल्या.

साहेब उठले, ते थेट खिचडीच्या खोलीकडे गेले. आता रागावणार, असं आम्हाला वाटलं. दाराशी उभे राहून ते म्हणाले, "अक्का, तुमनं माहेर कोनतं गाव?"

साहेब अक्कांच्या माहेरच्याच गावचे निघाले. त्या दिवशी ते अक्कांच्या हातचं भरीत खाऊन गेले. मॅडमच्या तासाबद्दल वर काय कळवलं ते माहीत नाही, पण तास चालू राहिला.

*

मग मडक्यांचं काम काढलं. प्रत्येकानं आपलं पाणी प्यायचं मडकं स्वतः घडवायचं. पोरांनी बोटांनी दाबून दाबून छोटी मडकी केली. सावलीत वाळवली. कोणाचं कोणतं ते कळावं म्हणून मॅडमनी पेन आणलं होतं, न पुसलं जाणारं. सगळ्यांनी मोठ्या अक्षरात नावं घातली. मीही म्हटलं, बरं झालं. जन्मात कधी मी पेनानं लिहिलेलं मडकं भाजलं नव्हतं.

भट्टी उघडली तर सगळी मडकी लालभडक, आणि नाव एकावरही नाही. न पुसणारी अक्षरं सगळी जळून गेली होती. मी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी माझ्याकडे.

पोरं भांडायला लागली. जे चांगलं दिसेल ते प्रत्येकाचं. शेवटी एक वाकडं, एका बाजूला कललेलं मडकं उरलं. ते कोणी घेईना. पाटील सर घसा खाकरून पुढं आले. म्हणाले, "ते माझं आहे. मधल्या सुट्टीत केलं होतं."

फक्त एका मडक्यावर भांडण झालं नाही. सुमलीनं नाव लिहिलं नव्हतं. अक्कांकडून मूठभर तांदूळ मागून तिनं ओल्या काठावर एकेक दाणा दाबला होता. दाणे जळाले आणि त्यांच्या जागी बारीक खळ्यांची माळ राहिली. मी विचारलं, "हे कुठं शिकलीस?"

"आई धान्याच्या कोठीला करते."

पुढच्या शनिवारी सगळ्यांना नवीन मडकी हवी होती, आणि सगळ्यांना तांदूळ. आधी जी पोरं तिला "ए डोंगरवाली" म्हणायची, ती आता तिच्याभोवती बसून काठ पुढं करत होती, "सुमली, मना पन. मना पन." ती वाकली की पाठीवरचं दप्तर घसरून मडक्यावर आपटायचं. गायत्री नावाची मुलगी उठून तिच्या मागं बसली आणि तिनं ते दप्तर दोन्ही हातांनी धरून ठेवलं. काढ म्हणाली नाही. नुसतं धरून बसली.

*

मडकी खिडकीखालच्या कट्ट्यावर ओळीनं मांडली. अक्कांनी नियम केला. रोज सकाळी एकानं शिळं पाणी ओतून सगळी मडकी ताजी भरायची. पाळी ठरली. ज्याचं मडकं, त्याला पाळी. त्यामुळे पाटील सरांनाही पाळी आली. पाळी चुकली, तर अक्का कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "हाई पाणी कालनं शे. आज कोनी पाळी शे?" पाटील सरसुद्धा त्या आवाजाला घाबरायचे.

होळी जवळ आली तसा सुमलीचा बाप शाळेत पाटील सरांकडे आला. म्हणाला, "गावाला जातो साहेब. नंतर मुकादम सांगेल तिकडं. इथं येऊ, नाहीतर गुजरातला."

मॅडमनी सुमलीचं मडकं वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या हातात दिलं. "तुझं आहे. घेऊन जा."

सुमलीनं कागद सोडला. मडकं परत कट्ट्यावर ठेवलं, आपल्याच जागी. कागदाची घडी घालून मॅडमना दिली आणि बापाच्या मागं निघून गेली.

मॅडम ती घडी हातात धरून फाटकापर्यंत जाऊन आल्या. मग म्हणाल्या, "आबा, येईल का हो?"

मी कट्ट्यावरचं तिचं मडकं सरळ केलं.

*

होळी झाली. रंगपंचमी झाली. जिनिंगवर काही माणसं परतली, त्यात ती नव्हती. मॅडम शिकवताना फाटकाकडे बघायच्या आणि आपण बघितलंच नाही असं दाखवायच्या.

एका सकाळी गण्याची पाळी होती. त्यानं सुमलीचं मडकं सोडून बाकीची भरली. गायत्रीनं विचारलं, तर म्हणाला, "ती नही शे, मंग पाणी कसाले भरो?"

गायत्री म्हणाली, "तुना बाप जळगाव गया, तर त्यानी खाट ईकी टाकतस का तुम्ही?"

गण्यानं मुकाट्यानं मडकं भरलं. तेव्हापासून तेही रोज भरलं जाऊ लागलं. पाणी प्यायला कोणी नसायचं. सकाळी ओतायचं, परत भरायचं.

*

आणि मग तो शनिवार. मी माती मळत होतो. पोरं गोल बसली होती. मॅडम फळ्याशी होत्या.

दारात सुमली उभी. केसांना तेल, कानात नवीन डूल, पाठीवर तेच दप्तर. मॅडमच्या हातातला खडू खाली पडला. पाटील सर ऑफिसातून बाहेर आले. कोणी तिला ये म्हणालं नाही, बस म्हणालं नाही.

तिनं चालता चालता दप्तर खांद्यावरून काढलं आणि न बघताच कोपऱ्यात टाकलं. सरळ कट्ट्याशी गेली. आपलं मडकं उचललं, आत बघितलं, पाण्यात बोट बुडवलं.

मग कमरेवर हात ठेवून आमच्याकडे वळली, आणि हुबेहूब अक्कांच्या आवाजात म्हणाली, "हाई पाणी कालनं शे. आज कोनी पाळी शे?"

पाटील सरांनी गुपचूप कळशी उचलली आणि नळाकडे निघाले.