मामांच्या खिडक्या

कॉम्प्युटरच्या पडद्यावर संसार मांडावा, तर तो आमच्या छापखान्यातल्या मामांनीच. जुन्या जालन्यातल्या त्या छापखान्यात ते अक्षरजुळणी करायचे आणि शेजारच्या टेबलावर मी मुद्रितं तपासायचे. ते नेमके कुणाचे मामा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मालकापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांचे होते. शर्टाची बटणं वरखाली, डबा रोज कुठंतरी विसरलेला. एकदा तर दोन पायांत दोन निराळ्या चपला घालून हा माणूस आपल्या गावाहून, वडीगोद्रीहून, जीपनं थेट कामावर आला होता. पडद्यावर मात्र कडक शिस्त. टाइप करायची विंडो इथं, गिऱ्हाइकाच्या हस्ताक्षरातल्या कागदाचा फोटो तिथं, खाली जोडाक्षरांचा तक्ता. विंडोला ते खिडकी म्हणत, आणि खिडकी केसभर सरकलेली त्यांना खपत नसे.

लाइट गेली की सगळं विस्कटायचं, म्हणून त्यांनी कुठूनसा एक छोटा प्रोग्रॅम मिळवला होता. खिडक्या मनासारख्या लावायच्या, त्या मांडणीला नाव देऊन ती सेव्ह करायची. मग मशीन बंद पडून पुन्हा चालू झालं, तरी एक कळ दाबली की सगळ्या खिडक्या आपापल्या जागी येऊन बसत. मांडण्यांची नावं ‘लग्न’, ‘शाळा’, ‘दहावा’. एकदा घाईत मी म्हटलं, “मामा, दहाव्याचं कार्ड लग्नाच्याच मांडणीत करा ना, काय बिघडतंय?” त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, “ताई, मेलेल्या माणसाला बोहल्यावर चढवता का?” मालकांनी मोठा मॉनिटर आणला, तर दोन दिवसांत मामांनी तो परत करायला लावला. “एवढा पडदा काय करायचा? नांगर धरायचाय का त्याच्यावर?” आम्ही पोट धरून हसलो होतो.

त्यांची गंमत करायची म्हणून एका दुपारी, ते चहाला गेले असताना, मी कागदाची खिडकी पडद्याच्या पार डाव्या कडेला सरकवली आणि मांडणी त्याच नावानं सेव्ह करून टाकली. मामा आले, बसले, कळ दाबली. मी तोंडावर पदर धरून वाट पाहत होते. त्यांनी पुन्हा दाबली. मग मान वळवली, खाली घातली, पाखरासारखी इकडून तिकडे फिरवली.

“ताई, लाइट गेल्ती का? कागद कुठं गेला?”

“मामा, तुमच्या नाकासमोर तर आहे!”

“न्हाई दिसून राह्यला,” ते हळूच म्हणाले. कागद त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता.

मी उठून जवळ गेले. त्यांनी आधी दाराकडं कान दिला, मालक नाहीत याची खात्री केली, मग सांगितलं. काचबिंदू. नजर कडांकडून आत आत मिटत चालली होती. जुन्या मांडण्या त्यांनी पुसल्या नव्हत्या, नावापुढं आकडे घालून ठेवून दिल्या होत्या. मी एकेक उघडून पाहिली. पहिल्या ‘लग्ना’त खिडक्या पडदाभर पसरलेल्या होत्या. पुढच्या प्रत्येकात त्या थोड्या थोड्या मधे सरकल्या होत्या. शेवटच्यात तिन्ही एकमेकींना चिकटून तळहाताएवढ्या जागेत बसल्या होत्या. त्या दुपारी पुढं एकही मुद्रित मला वाचवेना.

“औषध घालता ना?”

“सोडलं. डॉक्टरच म्हणले, गेलेली नजर परत येत न्हाई. मंग कशाला?”

“अहो, पण राहिलेली टिकते ना!”

“मालकाला सांगू नका,” एवढंच ते म्हणाले. “बिलकुल न्हाई. हे काम गेलं तं मी कोण हाय?”

मी सांगितलं नाही. मालकांना नाही, मामींनाही नाही. उलट त्यांच्या चुका गुपचूप दुरुस्त करत गेले, कागद मोठ्यानं वाचून दाखवत गेले, आणि आपण केवढा चांगुलपणा करतोय असं मला वाटत राहिलं. असं वर्षभर चाललं. मग एका सकाळी मामा आपली खुर्चीच चाचपडत उभे राहिले, आणि सगळ्यांना कळलं. मामींबरोबर मीही डॉक्टरांकडं गेले. तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, “वर्षभर आधी आणलं असतं तर बरंच वाचलं असतं.” मामी माझ्याकडं पाहत होत्या. त्यांना काही ठाऊक नव्हतं. मी जमिनीकडं पाहिलं.

मध्यंतरी वडीगोद्रीला गेले. मामा ओट्यावर बसले होते, बटणं बरोबर लावलेली. आता ती मामी लावतात. मी नव्या लग्नपत्रिकेचा मजकूर वाचून दाखवला, त्यांनी नुसतं ऐकून दोन चुका काढल्या. शेवटी धीर करून मी म्हटलं, “मामा, तेव्हा मी मामींना सांगायला पाहिजे होतं.”

“सांगितलं असतं तं मी तुमच्याशी जल्मभर बोललो नसतो.”

“चाललं असतं,” मी म्हटलं.

ते ओट्यावरून उठले आणि म्हणाले, “चला, जीपपर्यंत येतो.” ज्या माणसानं चालताना कधी कुणाचा हात धरला नव्हता, त्यानं माझं कोपर धरलं, आणि आम्ही सावकाश रस्त्यापर्यंत आलो. मी बसले, जीप सुटली. टपरीशेजारी उभे राहून मामा निरोपाचा हात हलवत होते, भलत्याच दिशेला.

“मामा, इकडं!” मी ओरडले.

ते वळले. जीप दूर जाईपर्यंत मी नुसती ओरडत राहिले, कशाला ते जीपमधल्या बाकीच्या लोकांना कळेना. आणि आवाज जसा सरकत गेला, तसा मामांचा हात माझ्याकडं वळत राहिला.